निजामाची धावपट्टी

आमच्या आदिलाबादला विमानतळ आहे म्हटले, की वसतिगृहातील मित्र हसतात. पण तो खरोखरच आहे, निजामाच्या काळचा! सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान गेले. १९५६ मध्ये आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. हवाईदलाकडील ती ३६९ एकर जमीन मात्र तशीच पडून राहिली. एप्रिल २०२५ मध्ये हवाईदलाने नागरी विमानतळास संमती दिली. मला आनंद झाला. आजारी माणसाला हैदराबादेस नेताना तीनशे किलोमीटरचा रस्ता संपता संपत नाही. परंतु विस्तारासाठी आणखी जमीन लागणार, आणि भोवती कापसाची शेते आहेत. विमान जरूर यावे. मात्र ज्याचे शेत जाईल, त्याच्या हाती मोबदला आधी पडावा.