तळोज्याचा हायड्रोजन

हायड्रोजनविषयी चार शब्द सांगण्यास मला बोलावणे येते, तेव्हा श्रोत्यांचे लक्ष बहुधा धूर न ओकणाऱ्या मोटारीकडे लागलेले असते. आणि पनवेलहून मुंब्र्याकडे जाताना तळोज्याच्या ज्या औद्योगिक वसाहतीवरून ते नित्य जातात तेथे हा वायू गेली कित्येक दशके निर्माण होत आहे, हे ऐकून त्यांचा किंचित हिरमोड होतो.

मी अमोनियाच्या धंद्यातला रासायनिक अभियंता. आमच्या या हायड्रोजनाचे कुळ फारसे उज्ज्वल नाही, हे मान्य केले पाहिजे. नैसर्गिक वायू आणि वाफ तप्त निकेलच्या उत्प्रेरकावरून नेली की हायड्रोजन सुटतो खरा, परंतु त्याच्या दर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइडही जन्मास येतो. पाण्याचे विजेने पृथक्करण केले तर हा दोष टळतो. मात्र वीज कोळशाची असेल तर तो केवळ दुसऱ्या गावच्या धुराड्यात जाऊन बसतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित, म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या अक्षय स्रोतांच्या विजेने पाण्यापासून काढलेल्या, हायड्रोजनासाठी १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाचे धोरणही आले. माझ्या मते पहिली तजवीज मोटारींची नव्हे, अमोनियाची व्हावी. कारण विजेचा हायड्रोजन करून मोटारीत त्याची पुन्हा वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेतच खर्ची पडते, तर अमोनियाला हायड्रोजनावाचून गत्यंतरच नाही. त्यातही थळच्या खत कारखान्याच्या आधी तळोजे. थळला अमोनियाचा युरिया होतो आणि युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतोच. नैसर्गिक वायू सोडला तर तो अन्यत्र शोधावा लागेल. तळोज्याचा अमोनिया मुख्यतः नायट्रिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट यांकडे जातो, त्यांना कार्बन डायऑक्साइडची गरज नाही. धोरणे आखणाऱ्यांच्या दफ्तरी हा भेद क्वचितच आढळतो.

आता हिशेब. २०२३ साली तळोज्यात सुरू झालेल्या नव्या अमोनिया कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ५ लाख टन आहे. सतरा भाग अमोनियात तीन भाग हायड्रोजन, म्हणजे सुमारे ८८ हजार टन. आणि किलोमागे पन्नासहून थोडे अधिक युनिट धरले तर अहोरात्र ५०० मेगावॅटांहून अधिक वीज. तुलनेसाठी पाहा: १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीची वीज निर्माण केली; त्या केंद्राची आजची क्षमता ७२ मेगावॅट आहे. तळोज्याच्या या हायड्रोजनाला पाणी मात्र रोज २२ लाख लिटरांच्या आसपास, शिवाय शीतकरणाचे निराळे. कारखान्याच्या मानाने हे फार नव्हे, पण वैशाखात देहरंग धरणाचा तळ पाहणाऱ्या पनवेलकराला ते पटवून देणे सोपे नाही.

विजेच्या हायड्रोजनापासून अमोनिया यापूर्वी झालाच नाही असे नव्हे. नांगलचा खत कारखाना १९६० च्या दशकात भाक्र्याच्या जलविद्युतेवर पाण्यापासूनच हायड्रोजन काढीत असे. पुढे त्या विजेला अन्य गिऱ्हाइके वाढली आणि कारखाना खनिज तेलाकडे वळला. स्वस्त वीज नेहमीच दुसऱ्या कोणाला तरी अधिक निकडीने हवी असते.

शिवाय सूर्य मावळला म्हणून अमोनियाचा तप्त कारखाना रोज सायंकाळी बंद करून सकाळी चालू करता येत नाही. तेव्हा आरंभी नैसर्गिक वायूच्या हायड्रोजनात दहावा हिस्सा हरित हायड्रोजनाचा मिसळावा, म्हणजे सध्याची यंत्रसामग्री फारशी न हलविता काम भागेल. तेवढ्यालाही अखंड पन्नास मेगावॅट वीज लागेल, आणि खोपोलीचे केंद्र रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालले तरी त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक हिस्सा त्यातच जाईल.