मंद यंत्र कीं मंद कारागिरी?

संगणक अडखळूं लागला कीं ‘यंत्र म्हातारें झालें’ असा निकाल घरोघर दिला जातो. आमच्या मतें पुष्कळदां हा यंत्रावर अन्याय होय. १०,००० नांवांची यादी भरतांना कित्येक प्रोग्रॅम प्रत्येक नांवागणिक यादीची चौकट पुनः रेखाटीत बसतात. दिसणाऱ्या ओळी मात्र असतात ३०-४०! रेखाटणें व माउसची कळ ऐकणें हीं कामें बहुधा एकाच हातीं असल्यानें तोंवर खिडकी गोठते. १९९३ सालीं जेकब नील्सन यांनी लिहिलें कीं, ०.१ सेकंदांत मिळालेलें उत्तर माणसास तत्काळ वाटतें. भरणा संपेतों रेखाटन थांबविणें, किंवा दिसतील तेवढ्याच ओळी काढणें, हे उपाय कारागिरांस ठाऊक आहेत. म्हणून नव्या यंत्रासाठीं गांठचे पैसे मोडण्यापूर्वीं इतर प्रोग्रॅम त्यावर चपळ चालतात कीं नाहीं, एवढें वाचकांनीं अवश्य पाहावें.