मांडी घालून

गिरणाकाठच्या भडगावात माझी माय कपाशीत उकिडवी बसून निंदायची. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, न उठता, तशीच सरकायची. पुढे तिचे पाय गुडघ्यांत बाहेर वाकले. कुणी म्हणे वंगण संपलं, कुणी म्हणे वात. रुईचं पान गरम करून बांधायचं, एवढाच इलाज. कानबाईच्या सणात रोट खायला सगळे भाऊबंद मांडी घालून बसत आणि माय भिंतीकडेला स्टुलावर. दुखण्यापेक्षा ते वेगळं बसणं तिला जास्त लागायचं.

माझे गुडघे पुण्यात कुरकुरू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि विचारलं, औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का? संमतिपत्र मराठीत होतं. कॅप्सूलमध्ये काय आहे ते मला कळणार नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येणार होतं. भाऊ फोनवर चिडला, "ताई, स्वतःवर प्रयोग करू देतेस?" हो, देते. माय ज्या वेदनाशामक गोळ्या घ्यायची, त्याही आधी कुणीतरी अशाच घेऊन पाहिल्या होत्या.

पहिल्याच भेटीत प्रश्न आला: मांडी घालून बसताना किती त्रास होतो? उकिडवं बसताना? मला भरून आलं. गुडघ्याच्या त्रासाची जगभर वापरली जाणारी 'वोमॅक' प्रश्नावली मूळ कॅनडातली. तिच्यात मोटारीतून उतरणं, बाथटबमधून निघणं. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेसने ती आपल्या जगण्याला जुळवून घेतली. त्याच संस्थेच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. सुंठ, गुळवेल, आवळा असलेल्या आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या नेहमीच्या औषधांशी तुलना करणारी त्यांची चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 440 रुग्ण, 24 आठवडे. आराम जवळपास सारखाच पडला. मात्र आयुर्वेदिक गटांतल्या काहींच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलेलं दिसलं, तेही त्यांनी छापलं. झाडपाल्याचं औषध म्हणजे निर्धोकच, असं मानणाऱ्या आमच्यासारख्या घरांना हे कळायलाच हवं.

परवा भडगावला वहिनी विचारत होती, "ताई, गोळी लागू पडली का?" निकाल लागला की सांगते, म्हटलं. तोवर तिला खाटेवर बसवून, पाय लांब करून, गुडघ्याखालचा गुंडाळलेला टॉवेल दाबायचा व्यायाम शिकवला. तो चाचणीतल्या आम्हां सगळ्याच गटांना दिला होता.