उमलण्याआधीची काढणी

ब्रोकोली ही कोबी, फुलकोबी आणि नवलकोल यांच्याच ‘ब्रासिका ओलेरासिया’ या प्रजातीतील भाजी असून, तिचा जो हिरवा गड्डा खाल्ला जातो तो म्हणजे न उमललेल्या असंख्य फुलकळ्यांचा त्यांच्या मांसल देठांसह झालेला दाट समूह होय. फुलकोबीच्या पांढऱ्या गड्ड्यात कळ्या अजून आकाराला आलेल्या नसतात. ब्रोकोलीत मात्र प्रत्येक हिरवा कण ही घडलेली कळी असते आणि ऊब मिळताच ती पिवळ्या फुलात उघडू लागते. या एका फरकामुळे परसबागेतील ब्रोकोलीचे सारे काम वेळेच्या हिशेबाचे होते.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथडसारख्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी हा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो. तापीच्या या खोऱ्याची ओळख केळीची, आणि केळीला मानवणारी ऊबच ब्रोकोलीला बाधते. गड्डा घट्ट भरण्यास साधारण 15 ते 20 अंश सेल्सियस तापमान अनुकूल असते आणि येथे त्याच्या जवळपासची थंडी मुख्यतः डिसेंबर-जानेवारीतच लाभते. म्हणून बागायतदाराने जानेवारीपासून मागे मोजत यावे: लागवडीनंतर वाणानुसार सुमारे 60 ते 90 दिवसांनी गड्डा येतो आणि रोप तयार होण्यास चार-पाच आठवडे लागतात, तेव्हा बी सप्टेंबरअखेर टाकावे आणि चार-सहा पानांची रोपे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी लावावीत. रोपवाफ्यात ताटकळलेली, जून झालेली रोपे लावली, तर झाड वाढण्याआधीच बटणाएवढा गड्डा धरते. या विकृतीला ‘बटनिंग’ म्हणतात आणि ती नंतरच्या कोणत्याही खताने सुधारत नाही.

काळ्या जमिनीत पाणी साचून राहते, म्हणून गादीवाफा, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि दोन रोपांत सुमारे 45 सेंटिमीटर अंतर राखावे. मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने खुरपणी उथळ करावी, बुंध्याला मातीची भर द्यावी आणि ओल टिकवण्यासाठी केळीच्या वाळलेल्या निरोगी पानांचे आच्छादन घालावे. बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची उणीव भासली की देठ आतून पोकळ होतो व तपकिरी पडतो. परंतु नत्राच्या अतिरेकाने झाड झपाट्याने वाढले तरीही देठ पोकळ होऊ शकतो, म्हणून अधिक खत म्हणजे अधिक काळजी ही समजूत येथे सोडावी लागते. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी पाने पोखरते. कडेने मोहरी लावल्यास पतंग तिच्यावर अंडी घालण्यास ओढले जातात. मुख्य पिकावर अळी किंवा मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.

खरी परीक्षा काढणीची असते. गड्डा आणखी मोठा होईल या आशेने थांबण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु पक्वतेची खूण आकारात शोधायची नसते; कळ्या बारीक, घट्ट आणि गडद हिरव्या असतानाच गड्डा तयार समजावा. कडेच्या कळ्या फुगून सैल होऊ लागल्या किंवा त्यांत पिवळी छटा दिसली, की उशीर झालेला असतो. थंड सकाळी, 10 ते 15 सेंटिमीटर देठ ठेवून, धारदार सुरीने तिरका छेद घ्यावा, म्हणजे झाडावर उरलेल्या बुंध्यावर पाणी साचून कूज लागत नाही. झाड उपटू नये. मुख्य गड्डा गेल्यावर पानांच्या बगलेतील कोंब जोर धरतात आणि पाणी व थोडे खत मिळाल्यास काही आठवडे लहान गड्डे देत राहतात.

कापल्यानंतरही कळ्यांचे श्वसन वेगाने चालू राहते आणि सामान्य तापमानात गड्डा दोन-तीन दिवसांत पिवळा पडू लागतो. बाजाराला या घाईशी झुंजावे लागते, तर परसबागेत वाफा आणि चूल यांच्यात काही पावलांचेच अंतर असते. म्हणून घरच्या बागायतदाराने मोठ्या गड्ड्याचा हव्यास धरू नये. रोज सकाळी कळ्या पाहाव्यात, त्या घट्ट असतानाच कापाव्यात आणि त्याच दिवशी रांधाव्यात.