पहिली गाडी.. तीही सेकंडहँड!

धाकट्याला अठरा पूर्ण झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला.. गाडी! त्याच्या डोक्यात अर्थातच बाइक होती. आईने तो विषय दोन मिनिटांत निकालात काढला. सकाळी नऊला तळवडे चौकात कधी उभे राहिला असाल, तर तुम्हीही तिचीच बाजू घ्याल. आयटी पार्कच्या बस, चाकणकडे निघालेले कंटेनर, पत्रे लादलेले टेम्पो आणि उरलेल्या फटीत घुसणारे दुचाकीवाले! ''जुनी चारचाकी बघा. दीड लाख देतो,'' बाबा म्हणाले. ते इथल्याच एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, त्यामुळे दीड लाखाची किंमत मला ठाऊक होती.

त्याआधी दोन वर्षं साहेबांची भुणभुण चालूच होती, ''ताई, सगळे चालवतात गं!'' चालवतातही. पण २०१९ मध्ये कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हापासून आमच्या घरात 'सगळे चालवतात' हा फंडा बंद झाला.

तर, दीड लाखात काय? आधीच्या पिढीचं उत्तर ठरलेलं, मारुती ८००! डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गाडीची चावी खुद्द इंदिरा गांधींनी दिली होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि गंमत बघा, त्याच महिन्यात 'ग्लोबल एनकॅप'ने भारतीय छोट्या गाड्यांच्या टक्कर-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटरला समोरून टक्कर. ऑल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो, पोलो.. पाचही बिनएअरबॅगच्या. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे!

मग दोन एअरबॅगवाल्या पोलोची चाचणी झाली आणि तिने चार तारे मिळवले. कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणंच थांबवलं. इथेच माझा निर्णय झाला. पोलो म्हणजे तशी घरचीच, चाकणला बनलेली! २०१४ नंतरची, पेट्रोल, दोन एअरबॅग. धाकट्याची एकमेव अट होती लाल रंगाची. तिच्याकडे मी साफ दुर्लक्ष केलं.

''सामान महाग असतं तिचं,'' बाबांनी सुनावलं. खरंच असतं. पण शिकाऊ पोरगं पहिल्या वर्षात कुठे ना कुठे ठोकणार, हे मी गृहीत धरलं होतं. बंपरचा खर्च एकवेळ सोसता येतो.

पाच रविवार आम्ही चिखली, निगडी, रहाटणी पालथी घातली. सोबत गॅरेजवाले काका. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट सांगतेच. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझायला हवा. एका चकाचक गाडीत तो पेटलाच नाही. मालक खूश, ''बघा ताई, काही प्रॉब्लेमच नाही!'' काका नुसते हसले. आधी कधीतरी फुटलेली एअरबॅग परत न बसवता दिवाच काढून टाकतात काही जण. टायरवरचे चार आकडेही वाचायचे. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी ते रबर म्हातारं.

शेवटी मिळाली २०१५ ची, पांढरी, एकहाती, दोन लाख दहा हजारांत. वरचे साठ हजार माझ्या नव्या लॅपटॉपचे. (फ्रीलान्सरला साठ हजार म्हणजे काय, हे फ्रीलान्सरलाच विचारा!) आरसीवरची कर्जाची नोंद उतरलीय ना ते पाहिलं, फॉर्म २९-३० वर सह्या घेतल्या, इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाकला. नोंदणी २०३० पर्यंत आहे. पुढचं पुढे.

सध्या लर्निंग लायसन्स आणि पुढे-मागे लाल 'एल'. रविवारी सकाळी सहाला आम्ही देहूच्या रस्त्याला लागतो. माझं लायसन्स पक्कं, म्हणून शेजारची सीट माझी. परवा चौकातच गाडी बंद पडली आणि मागून कंटेनरने कर्णा वाजवला. धाकट्याने शांतपणे क्लच दाबला, चावी फिरवली आणि म्हणाला, ''ताई, हँडब्रेकवरचा हात काढ आधी!''