पायरी

आमच्या गावाला घड्याळ नाही, एस.टी. आहे. ‘सकाळची गाडी गेली’ म्हणजे पोरांची शाळेची वेळ झाली, आणि ‘मुक्कामाची आली’ म्हणजे चुली विझायला लागल्या, असा आमचा हिशेब. मला कॉलेजात आणले ते या गाडीनेच, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावी झाल्यावर अण्णांनी विषय विचारले नाहीत. एवढेच म्हणाले, “जायला-यायला गाडी हाय का?” गाडी होती, म्हणून आज मी या अंकात लिहिते आहे!

जिचे एवढे उपकार, तिचे कूळ तरी ठाऊक असावे, असे वाटले. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या, तीस आसने. आणि रंग? लाल नव्हेच, निळा, वर चंदेरी! त्या दिवशी आमचा जिल्हा मात्र निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त झाला तो त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ बसगाड्यांनिशी आपली मोटारसेवा सुरू केली होती. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६१ मध्ये मराठवाडा-विदर्भाच्या गाड्या एकत्र होऊन आजचे महामंडळ उभे राहिले. म्हणजे आमची लाल गाडी ही दोन घराण्यांची लेक म्हणायची!

या सगळ्या प्रवासात रंग बदलला, लाकूड जाऊन लोखंड आले, मग ॲल्युमिनियम आले. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही, ती म्हणजे दारातल्या उंच पायऱ्या. आपल्याकडची साधी बस ही मुळात मालट्रकच्या सांगाड्यावर उभी राहिली. इंजिन पुढे, तिथून मागच्या चाकांपर्यंत गेलेला लांब दांडा, खाली जाडजूड पाटे. या सगळ्यांच्या वर फळी टाकायची, म्हणजे माणसाने चढायचे ते ट्रकच्याच उंचीवर.

बस अशीच असते, असे मी समजत होते. लहानपणी मामांकडे नवी मुंबईला गेले, तेव्हा तिथल्या परिवहन उपक्रमाची व्होल्वो पाहिली आणि थक्क झाले. रस्त्यावरून पाऊल उचलले की थेट आत! अशा गाडीची फळी जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे हातभराहूनही कमी उंच असते. इंजिन मागे नेलेले असते, म्हणून मागच्या अर्ध्या भागात मात्र पायऱ्या लागतात. पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. त्यातली थोडी हवा सोडली की बस दाराच्या बाजूला झुकते. उंटाने स्वारासाठी गुडघे टेकावेत तशी! ही बांधणी युरोपात १९८०-९० च्या सुमारास रुळली. आपल्याकडे २००९ साली केंद्र सरकारने शहरांना बसगाड्यांसाठी पैसा दिला, तेव्हा कमी उंचीच्या गाड्या अनेक शहरांतून दिसू लागल्या.

मग त्या आमच्या गावी का येत नाहीत? उत्तर आमच्या रस्त्यातच आहे. ओढ्याचा उतार, पावसाने उखडलेली खडी, मनाला येईल तिथे घातलेला गतिरोधक. यावरून हातभर उंचीची गाडी पोट घासल्याशिवाय जायची नाही. उंच गाडी ही आमच्या रस्त्याची गरज आहे, हे मला पटते. पण मनाला पटले तरी आजीच्या गुडघ्यांना कसे पटावे?

आजीने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात तिच्या वयाच्या माणसांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे. जन्मभर गाठीचे पैसे मोजून तिकीट काढणाऱ्या बाईला केवढे अप्रूप! पण ती म्हणते, “सरकारनं पैशाची पायरी काढली गं, लोखंडाची तशीच हाय.” गेल्या वर्षापासून तिने बाजार सोडला, लेकीचे गाव सोडले. ज्या गाडीने नातीला जग दाखवले, तीच गाडी तिच्या दारावरून जाते आणि ती ओट्यावरून बघत राहते. मला हे फार लागते.

सगळी बस खाली आणता येत नसेल, तर निदान दाराशी घडीची एखादी पायरी बसवता येणार नाही का? थांब्यावर उतरवायची, निघताना उचलायची. रस्त्याचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटो. गावच्या थांब्यावर मुरुमाचा हातभर ओटा घालायला ग्रामपंचायतीला किती खर्च येईल? ग्रामसभेत हे मांडायचे मी ठरवले आहे. कॉलेज शिकलेल्या पोरीने एवढे तरी बोलावे.

पौर्णिमेला आजीला तुळजापूरला न्यायचे आहे. ओटा तोवर होणार नाही. मी खालून आधार देईन, कंडक्टरमामा वरून हात देतील.

— द्वितीय वर्ष, कला