डोंगरावरचा ताळेबंद

बँकेतल्या माणसाला पैशातले कळते, असा एक गैरसमज आपल्या समाजात फार वर्षांपासून रूढ आहे. आमच्या सोसायटीतली माणसे मला जिन्यात गाठतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “काय हो, सोनं आत्ता घ्यावं की थांबावं?” मी रोज दुसऱ्यांचे पैसे मोजतो हे खरे. पण पोस्टमन जन्मभर पत्रे वाटतो म्हणून कोणी त्याला प्रेमपत्र लिहून द्यायला सांगत नाही.

मी बी. कॉम. आहे, सेकंड क्लास. बँकेत लागलो तो खेळाडूंच्या कोट्यातून. खेळ कोणता, तर कॅरम. चोवीस वर्षे झाली. त्या चोवीस वर्षांत माझ्या हातून बँकेचा एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. माझे स्वतःचे मात्र कुठे गेले ते अजून कळलेले नाही.

तर एका सोमवारी, पासबुक छापायचे यंत्र बंद पडलेले, काउंटरपुढे रांग दरवाजाबाहेर गेलेली आणि पहिल्याच नंबरचे आजोबा “तुम्हाला पगार कशाचा देतात?” असे सर्वांच्या वतीने विचारत असताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. वय सत्तेचाळीस. वीस वर्षे नोकरी झाली की आमच्याकडे तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मग घ्यावी, आणि डोंबिवली सोडून डोंगरात जाऊन राहावे! डोंगर कुठला, हेही ठरलेले होते. मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो तेव्हा तापोळ्याच्या बाजूला, कोयनेच्या जलाशयाकाठी एक कौलारू घर पाहिले होते. भाडे सहा हजार. पुढे पाणी, मागे डोंगर, मधे पासबुक घेऊन उभा असलेला एकही इसम नाही.

विकत घ्यायचा विचारही तासभर करून पाहिला. पण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावे लागते, आणि शेतकरी असायला आधी जमीन असावी लागते. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाल्यापासून तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. तेव्हा भाड्याचे घर बरे. अकरा महिन्यांचा करार.

दोनशे पानी वही आणली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेची पहिली बाब पेन्शन. हिचा हिशोब असा, की शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराचे निम्मे, पण ते तेहेतीस वर्षे सेवा झालेल्याला. माझी चोवीस. मात्र स्वेच्छेने जाणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सेवा जादा धरतात. (सत्तेचाळीस वर्षांत न केलेल्या कामाची दखल घेतली गेल्याचा हा एकमेव प्रसंग.) पगार साठ हजार धरला तर निम्मे तीस, त्याला गुणिले एकोणतीस, भागिले तेहेतीस : २६,३६३ रुपये. वर महागाई भत्ता. एक तृतीयांश पेन्शन विकून रोख रक्कम घेता येते, पण मग पंधरा वर्षे तेवढी कमी मिळते. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, शिल्लक रजेचा पगार यांचे व्याज खाली मांडले. आकडा इतका गोंडस दिसू लागला की मी तो दोनदा गिरवला.

खर्चाच्या बाजूलाही मी हात आखडता घेतला नव्हता. दूध, किराणा, गॅस, वीज. मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण, साताऱ्याला वसतिगृह. धाकट्याची सातवी तिथल्याच शाळेत. निवृत्तांच्या गट विम्याचा हप्ता, जो आता बँक नव्हे, मी भरणार. पावसाळ्यासाठी वेगळे पान. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडे पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवताचे किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन बांधतात, म्हणजे घरालाच रेनकोट. तो खर्च, इन्व्हर्टर, कपडे वाळवायची शेगडी, बुरशी लागून दरवर्षी बाद होणाऱ्या चपला. २०२१ च्या जुलैत साताऱ्याच्या डोंगरात दरडी कोसळून माणसे गेली, हे आठवून ‘दरड’ असेही लिहिले, पण पुढे रक्कम काय टाकावी ते सुचेना.

महागाई सहा टक्के धरली. सहा टक्क्यांनी किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे आज शंभर रुपयांची भाजी मला एकोणसाठाव्या वर्षी दोनशेला, एकाहत्तराव्या वर्षी चारशेला आणि त्र्याऐंशीव्या वर्षी आठशेला मिळणार. त्र्याऐंशीव्या वर्षी आठशे रुपये देऊन दुधी भोपळा खाण्यापेक्षा त्याआधीच खाते बंद केलेले बरे, असा एक विचार मनाला चाटून गेला. पण एवढे करूनही महिन्याला दोन हजार रुपये शिल्लक उरत होती. मी वही हिच्यापुढे ठेवली.

हिने चष्मा लावला. आमच्याकडे ऑडिटला येणारे साहेब आधी चहा तरी घेतात.

“हे ‘इतर उत्पन्न नऊ हजार’ काय आहे?”

“तुझ्या शिकवण्या.”

“त्या डोंबिवलीत आहेत.”

मी गप्प. खरे तर गेली बारा वर्षे ही बाहेरच्या खोलीत बारा मुले बसवून गणित शिकवते. ती मुले, तो फळा आणि ते नऊ हजार मी हिला न विचारता ट्रकमध्ये घालून तापोळ्याला नेले होते.

“तिकडे मी शिकवणार कुणाला? जलाशयातल्या माशांना? आणि अहो, ‘किरकोळ पंधराशे’ म्हणजे?”

बँकेत हिशोब जुळला नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. ‘किरकोळ’ हे संसारातले सस्पेन्स खाते. हे मी समजावून सांगितले.

“म्हणजे निवृत्त होणार तुम्ही आणि सस्पेन्समध्ये राहायचं आम्ही,” ही म्हणाली. “बरं, तुम्ही निवृत्त झाल्यावर स्वयंपाक कोण करणार, तेही लिहिलेलं दिसत नाही.”

मी पेन्सिलीने लिहिले. पण कोणाचे नाव, ते लिहिले नाही.

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. वय शहात्तर. ती इतका वेळ काही बोलली नव्हती आणि त्यामुळेच मला काळजी वाटत होती.

“कुटं म्हनलास घर?” तिने विचारले.

“तापोळ्याकडे. कोयनेच्या पाण्याकाठी.”

आईचे माहेर त्याच खोऱ्यातले. १९६० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत धरणाचे पाणी चढत गेले तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. घर गेले, नाचणी-वरीचे तुकडे गेले. आजोबा मुंबईला मशीदबंदरला पोती उचलायला लागले. म्हणजे आमच्या खानदानात डोंगरात जमीन आहे, फक्त ती जलाशयाच्या तळाशी आहे. हा विनोद मी शाखेत अनेकदा केलेला आहे. आईपुढे कधी केला नव्हता.

“त्या डोंगरातनं सुटाय आमच्या बापानं पाठीची कमान करून घेतली,” आई म्हणाली, “आन् तू पैसं भरून परत चाललास व्हय?”

“आई, आता रस्ते झालेत. गाड्या आहेत.”

“आसतील. माजी धाकटी मावशी आडली व्हती. पाऊस असाच. डोलीत घातली आन् निघालं घाट चढून. डोलीला चार मानसं लागत्यात, आन् बदलीला आनि चार. गावात तवा सहाच गडी व्हतं, बाकी समदं मुंबईला.” लसणाची पाकळी तिने नीट निवडून वाटीत टाकली. “अर्ध्या वाटंतनं डोली माघारी फिरवली.”

कोणीच काही बोलले नाही. धाकट्याने टीव्हीचा आवाज आपण होऊन कमी केला.

“तुज्या वहीत समदं हाय,” आई म्हणाली, “मला रातीचं कायी झालं तर उचलाय किती मानसं हायत, ते बग.”

मी वहीकडे पाहिले. साताऱ्यापर्यंत गाडीचे भाडे लिहिलेले होते. आमच्या जिन्यात मला सोन्याचा भाव विचारणारी जी माणसे आहेत, त्यांनी गेल्या वर्षी आई मोरीत पडली तेव्हा तिला खुर्चीसकट तीन मजले खाली नेले होते, रात्री दीड वाजता, एक जण तर बनियनवर. त्यांचा खर्च मी डोंबिवलीच्या कुठल्याच महिन्यात कधी टाकलेला नव्हता. मी उजव्या बाजूला ‘माणसे : ८’ असे लिहिले. रकमेचा रकाना रिकामा राहिला. दोन हजारांच्या शिल्लकीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या, त्या खोडल्या.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. वहीही आहे. मुलगी तिच्या मागच्या पानांवर रसायनशास्त्राची समीकरणे सोडवते आणि ती माझ्यापेक्षा बरी जुळतात.

परवा जेवताना आईच म्हणाली, “ऱ्हायला नगं. पर उन्हाळ्यात एकडाव जाऊन येऊ. पानी उतारलं की जुन्या देवळाचं दगड दिसत्यात म्हनं.”

“मलाही बघायचंय,” ही म्हणाली. “मेमध्ये शिकवण्यांना सुट्टीच असते.”

मी ताबडतोब अंदाजपत्रक केले. एस.टी.त पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना २०२३ पासून अर्धे. त्यामुळे आईचे शून्य, हिचे आणि मुलीचे अर्धे अर्धे, धाकटा बारा वर्षांचा झाल्यामुळे त्याचे पूर्ण. माझेही पूर्ण. ‘किरकोळ’ दोनशे लिहिले, तेव्हा हिने कशासाठी ते विचारले नाही.